मळ्यात मुरूम पडायला लागलाय, आम्ही काय करायचं?

प्रश्न : नमस्कार मॅडम, आम्ही सांगलीत नदीच्या बाजूला राहतो. कॉलनीच्या मागं दहा-बारा एकराचा मळा आहे, कधी ऊस असतो कधी सोयाबीन, आणि तो ग्रीन झोनमध्ये आहे असं सगळे सांगतात. पण गेल्या महिन्यापासून रात्री डंपर येऊन मुरूम टाकून जातात आणि आत्ता तर रोडला फ्लॅटच्या स्कीमचा बोर्डपण लागलाय. 2019 ला आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर वीतभर पाणी होतं, टाइल्सच्या फटीत तो चिखल अजून दिसतो. एका ऑफिसात विचारायला गेलो तर जमीन तुमची आहे का, मग तुमचा काय संबंध, असं ऐकून परत आलो. दीडशे सह्या गोळा केल्यात, त्या कुणाला द्यायच्या?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, पहिलं म्हणजे ते "तुमचा काय संबंध" डोक्यातनं काढून टाका. विकास आराखड्यातला झोन, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणारा पट्टा, बदलायचा असेल तर 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) कलम 37 खाली राजपत्रात नोटीस काढावी लागते आणि त्यावर एक महिन्याच्या आत कुणीही हरकत देऊ शकतं, सातबाऱ्यावर तुमचं नाव असायलाच पाहिजे असं अजिबात नाही.

पण सह्या लगेच देऊन टाकू नका. आधी प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. गट नंबर काढा, नगररचना विभागात झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, नाही दिलं तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात सरळ विचारा, या गटाचा झोन कुठला, बदलाचा प्रस्ताव आलाय का, लेआउट किंवा बांधकाम परवानगी दिली आहे का, आणि पूररेषेच्या नकाशात हा गट कुठं येतो. बोर्डवर महारेराचा, म्हणजे बिल्डरच्या स्कीमची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर असला तर मंजूर नकाशे वेबसाइटवरच बघायला मिळतील, आणि नंबरच नसला तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

आता पूररेषेचं नीट समजून घ्या, कारण तुमची खरी ताकद तिथं आहे. हिरव्या पट्ट्यात, म्हणजे ग्रीन झोनमध्ये, काहीच बांधता येत नाही असं नसतं, फार्महाऊससारख्या गोष्टी अटींवर चालतात, त्यामुळं नुसतं "ग्रीन झोन आहे" एवढं म्हणून भागत नाही. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतनं एकदा येणारा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला बंदी, आणि निळी ते लाल यामध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. आणि इथंच गोम आहे, जोतं वर घ्यायचं म्हणजे भराव आला, त्यांची पार्किंग कोरडी राहील पण त्या भरावानं अडलेलं पाणी जाणार कुठं, तुमच्याच ओट्यावर ना! सांगलीतली जुनी माणसं ज्याला ओत म्हणतात, नदी फुगली की पाणी आधी पसरतं ती सखल जागा, असे ओत बुजवत गेलो म्हणून तर पाणी गल्लीत लवकर शिरतं आणि उशिरा उतरतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 ला पाणी 57 फूट 6 इंचांवर गेलं होतं. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाच्या पाण्याचं भांडण दोन सरकारं करतील, पण घरामागचा ओत कोण भरतंय ते आपणच बघायला पाहिजे.

म्हणून हरकतीत मळ्यातल्या मोरांबद्दल जरूर लिहा, पण एक ओळ. बाकी सगळं पाणी लिहा. प्रत्येक घरातली 2019 ची खूण टेपनं मोजा, रस्त्यापासून किती फूट ते लिहा, फोटो लावा, आणि पूर ओसरल्यावर सरकारी पंचनामे झाले होते ना, त्यांच्या नकला जोडा. तो सरकारचाच कागद आहे, तो खोटा आहे असं कोण म्हणणार?

मुरमाचं वेगळं. मुरूम हे गौण खनिज आहे, त्याला रॉयल्टी आणि वाहतूक पास लागतो, म्हणून तहसीलदारांकडं वेगळा अर्ज द्या आणि पोच घ्या. डंपरच्या नंबराचे फोटो लांबनंच काढा, रात्री आडवं जाऊ नका, ड्रायव्हरशी भांडून काही मिळत नाही. पहिला डंपर कधी आला ती तारीख मात्र वहीत लिहून ठेवा, पुण्याला हरित न्यायाधिकरणात जायची वेळ आली तर सहा महिन्यांची मुदत पहिल्या घटनेपासून मोजतात.

आणि मळ्याच्या मालकाशी एकदा बसून बोला. शेजारच्या जमिनीला फ्लॅटचा भाव आणि आपल्याला उसाचं बिल, त्याची बाजूही खोटी नाही.

प्रश्न : कॉलनीशेजारच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण आहे. मालक म्हणतात दहा वर्षं झाली, ते आता उठलं. खरं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आपोआप नाही उठत. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाल्यावर मालकाला कलम 127 ची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 24 महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तरच आरक्षण जातं. तुमच्या वरच्या वाचकाचा झोनचा विषय आणि हा आरक्षणाचा विषय, दोन्हींत गल्लत करू नका. अशी नोटीस आली आहे का आणि कुठल्या तारखेला, एवढंच आधी विचारा. आली असेल तर उरलेल्या महिन्यांत नगरसेवकाच्या मागं लागून मालकाला मोबदला नाहीतर टीडीआर (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचा ठराव करून घ्या. मालकाला पैसे मिळाले तर बागेला त्याचा विरोध कशाला असेल?