सायकलच तर लागली!

प्रश्न : आई ७४ वर्षांची. इंदूरच्या राजेंद्रनगरात सकाळी दूध आणायला गेली असता उलट्या बाजूने आलेल्या सायकलवाल्या मुलाचा धक्का लागून कुशीवर पडली. उठून घरी चालत आली. आज तिसरा दिवस, जांघेत दुखतंय. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणते, ‘सायकलच तर लागली.’ थांबून पाहू का?

उत्तर : थांबू नका, आजच एक्स-रे काढा. सायकल किती जोरात लागली याला फारसा अर्थ नाही, कारण आईंना खरी लागली ती जमीन. हाडं ठिसूळ झालेल्या वयात उभ्याने कुशीवर पडणं खुबा मोडायला पुरतं. मोडलेला पाय बहुधा आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळतं. पण हाडाची टोकं एकमेकांत रुतून बसली तर पाय सरळच दिसतो आणि माणूस लंगडत चालतोही. मग कधीतरी टोकं सरकतात, आणि जे दोन-तीन स्क्रूंवर भागलं असतं तिथे सांधा बदलायची पाळी येते. जांघेतलं दुखणं हीच खूण. एक्स-रेत काही दिसलं नाही, तरी पाय टेकवताना दुखतच राहिलं तर एमआरआय करून घ्या. तोवर पायावर भार नको, मालिश नको, हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे तर मुळीच नको. ऑपरेशन ठरलं तर शक्यतो ३६ ते ४८ तासांत उरका. ‘पितृपक्ष संपू द्या’ म्हणून अंथरुणात ठेवलेल्या आज्यांना न्यूमोनिया झालेला मी पाहिलाय.

प्रश्न : शीतलामाता बाजारात कापडाच्या गाठी लादलेल्या ठेल्याचं चाक माझ्या पावलावरून गेलं. रक्त नाही, पण पाऊल टम्म सुजलंय. ठेला तर चालीच्या वेगाने होता!

उत्तर : वेगावर जाऊ नका. ३०० किलोंचा ठेला ताशी ५ किलोमीटरने आणि स्वारासकट ८५ किलोंची सायकल ताशी २० ने, असा हिशेब धरा. वजन गुणिले वेग केलं तर १५०० आणि १७०० येतात, म्हणजे धक्का जवळपास सारखाच. त्यात ठेल्याला ब्रेक नसतो. ढकलणारा टाच रोवतो तोच ब्रेक, आणि गाठींआडून त्या बिचाऱ्याला समोरचं दिसतही नाही. मी तरी त्या गल्लीत ठेला दिसला की आधी दुकानाच्या पायरीवर चढतो.

पाऊल उशीवर ठेवा, बर्फ कपड्यात गुंडाळून लावा, एक्स-रे काढा. आता धोक्याचं सांगतो. गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, बोटं कुणी हलवली की कळ आली, त्वचा ताणून चकचकीत झाली, तर पट्टी सैल करा आणि रात्र असली तरी अपघात विभाग गाठा. आतल्या आत दाब वाढून काही तासांतच स्नायू मरू लागतात.

प्रश्न : वडील रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. सायकलच्या धक्क्याने पडले, डोकं फुटपाथच्या कडेला आपटलं. साधं टेंगूळ आहे, बोलणं व्यवस्थित. सीटी स्कॅन हवाच का?

उत्तर : हवाच, आणि आजच. गोळी मात्र मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. स्कॅन चांगला आला तरी पुढचे काही आठवडे नजर ठेवा. म्हातारपणी मेंदूवर रक्त हळूहळू साचतं. डोकेदुखी, झोपाळूपणा, विसरभोळेपणा, एका पायाचं फरपटणं दिसलं तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका.

प्रश्न : मी सायकलवाला आहे. पहाटे माझ्याकडून एका काकांना धडक बसली, त्यांचं मनगट मोडलं. सायकलवर पोलीस केस होते का?

उत्तर : होऊ शकते. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ निष्काळजीपणे ‘कोणतंही वाहन’ हाकण्याबद्दल आहे, मोटारच हवी असं नाही. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापत ठरतं, तिथे कलम १२५ येतं. उलट, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काकांना जाता येणार नाही, कारण सायकल मोटार वाहनात मोडत नाही. भरपाई मागायची तर दिवाणी कोर्ट. वकिली सल्ला वकिलाकडून घ्या. माझा सल्ला एवढाच, की काकांना भेटून या. आणि घंटी बसवा. महागड्या सायकलींना ती नसते, का ते मला कळलेलं नाही.

प्रश्न : आजीला सायकलने पाडलं, पण केसपेपरवर नुसतं ‘घसरून पडल्या’ असं लिहिलंय. फरक पडतो का?

उत्तर : उपचारात फारसा नाही, नोंदीत मोठा. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पादचाऱ्याला सायकलची धडक बसली तर व्ही०१ हा संकेतांक आहे, टांग्यासारख्या इतर बिनमोटार वाहनाची बसली तर व्ही०६. ‘पडल्या’ लिहिलं की आजी रस्त्यावरच्या अपघातांतून निघून थेट न्हाणीघरात घसरणाऱ्यांच्या रांगेत जातात. चूक बहुधा डॉक्टरची नसते. मी विचारतो, ‘कसं लागलं?’ घरचे सांगतात, ‘कुछ नहीं भिया, गिर गईं.’ उद्या पट्टी बदलायला जाल तेव्हा काय लागलं, कुठे, कुठल्या बाजूने, हे सांगून केसपेपरवर लिहून घ्या.