वसंत ऋतूत चिनी लोक यकृत साफ करायला कुठले वनस्पतींचे चहा पितात? ते आपल्याकडे घरी करता येतील का?

कामानिमित्त दोन वर्षं ग्वांगझूला राहिलो, तेवढ्याच भांडवलावर लिहितोय. मी वैद्य नाही.

'यकृत साफ करणं' हे हल्लीचं खूळ. चिनी वैद्यकातला विचार जरा वेगळा आहे. 'ह्वांगदी नेइचिंग' हा त्यांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. तो वसंताची सांगड काष्ठ तत्त्व, यकृत, डोळे, वारा आणि राग यांच्याशी घालतो. हे यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नव्हे. अंगातली 'छी', म्हणजे प्राणशक्ती, मोकळी वाहती ठेवण्याचं खातं त्याच्याकडे. त्याची वाट अडली की डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. गंमत म्हणजे वसंतात कसं वागावं सांगणाऱ्या त्या उताऱ्यात चहाचं नावही नाही. लवकर उठा, केस मोकळे सोडून अंगणात फिरा, असं आहे. (केसांबद्दल माझ्या आजीचं मत नेमकं उलटं होतं.)

वसंतात सगळीकडे चालतो तो शेवंतीचा चहा. चच्यांग प्रांतातल्या थोंगश्यांगची पांढरी शेवंती यासाठी नावाजलेली. फुलं शरदात खुडून वाळवलेली असतात. आमच्या ऑफिसातल्या हिशेब बघणाऱ्या बाई काचेच्या बाटलीत चार-पाच फुलं आणि गोजीची दहाबारा वाळवलेली लाल फळं टाकून वर कढत पाणी ओतायच्या. दोन मिनिटांत सुकलेलं फूल पुन्हा उमलायचं, पाणी फिकट पिवळं व्हायचं. मग संध्याकाळपर्यंत त्याच फुलांवर पाणी ओतणं चालू. साखर नाही. शेवंती त्यांच्या लेखी थंड, म्हणून गोजीची जोड. कुणाचं पोट नाजूक असेल तर 'तू नको पिऊस' म्हणून त्या स्वतःच सांगायच्या.

ग्वांगझूचा वसंत मात्र फुलापानांचा कमी आणि ओलीचा जास्त. फेब्रुवारी ते एप्रिल कधीतरी दक्षिणेकडून उबदार दमट वारा येतो आणि थंडीने गार पडलेल्या भिंतींना अक्षरशः घाम फुटतो. याला 'ह्वेइनान-थ्येन' म्हणतात. जिन्यातल्या फरशीवर पाणी, आरशावरून ओघळ, मोजे चार दिवस वाळत नाहीत, माझ्या चामडी पट्ट्याला तर बुरशी आली. अशा हवेत ओल अंगातही शिरते, अंग जड होतं, जिभेवर थर येतो, अशी तिथली समजूत. मला चरकसंहिता आठवली. तिच्यातही साठलेला कफ वसंतातल्या उन्हाने पातळ होतो आणि दुखणी आणतो असं म्हटलंय. तेव्हा तिथे यकृतापेक्षा ओल काढणाऱ्या चहांची चलती.

आणि इथे मला घरची खूण सापडली. मार्चमध्ये रस्त्यारस्त्यांवर काटेसावर फुलते. ती ग्वांगझूचं नगरपुष्प आहे. जाडजूड लाल फूल धप्पकन खाली पडतं आणि बायका पिशव्या घेऊन वेचायला येतात. शेजारच्या आजींनी खिडकीच्या गजांना दोऱ्यात ओवून वाळत घातली होती. वयस्कर बाईला 'आयी' म्हणायचं, त्यामुळे हाक मारायला मला काही नवीन शिकावं लागलं नाही. ही फुलं 'वूह्वा-छा'त, म्हणजे पाच फुलांच्या चहात जातात: काटेसावर, शेवंती, हनीसकल, पांढरा-पिवळा चाफा, आणि पाचवं दुकानागणिक बदलतं. चाफ्याला ते चक्क 'अंडेफूल' म्हणतात!

असले काढे 'लियांग-छा'च्या दुकानात मिळतात. लियांग म्हणजे गार, पण तो गुण झाला, पितात बहुधा गरमच. हा प्रकार 2006 साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत गेला. 'चोवीस चवींचा' म्हणून एक मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. काडेचिराईत पिऊन वाढलेला मी, मलाही दोन घोटांत घाम फुटला.

आता घरचं. सगळ्यांत सोपा चहा टाकळ्याच्या बियांचा. तिथे 'चुएमिंग-त्स' नावाने ज्या बिया विकतात त्यात आपल्या टाकळ्याच्याही असतात, आणि त्यांचा मान डोळ्यांसाठी. पावसाळ्यात भाजी खातो तोच टाकळा. शेंगा वाळल्या की बी काढायचं, कढईत तडतडेपर्यंत भाजायचं आणि चमचाभर बी कपभर पाण्यात उकळायचं. वास थेट कॉफीचा. फक्त तो सोनामुखीचा भाऊबंद आहे हे विसरू नका. पोट सैल असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने लांबच राहावं.

शेवंती फुलबाजारातून आणू नका, हारांच्या फुलांवर फवारणी असते. खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी वाळवलेलीच घ्या. शेवंतीवर्गाच्या फुलांची ॲलर्जी असेल तर तीही नको. चाफा अंगणातला तोडून तर अजिबात घालू नका, त्याचा चीक बाधतो. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर गोजी टाळा. आणि डोळे खरंच दुखत असतील तर शेवंती राहू दे, आधी नंबर तपासून या.