मावशींची पिशवी

मुलाचा निरोप आधी आला होता. ‘आई गुडघ्यांना निर्गुडी बांधते, एरंडाची पानं लावते, रोज हळदीचं दूध पिते. डॉक्टरांचं नाव काढलं की भांडते. या सगळ्याला काही शास्त्रीय आधार आहे का, की नुसती समजूत? तुम्हीच तिला सांगा, आमचं ऐकत नाही.’

मी डॉक्टर नाही. जुनाट दुखण्याच्या रुग्णांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम. हा प्रश्न महिन्यातून दोन-चारदा तरी येतो, आणि विचारणारा बहुधा मुलगा, सून किंवा जावई असतो. ज्याचं दुखतं तो हा प्रश्न विचारत नाही. तो तेल लावून मोकळा होतो.

मावशी इंदापूर तालुक्यातल्या (ओळख पटेल असं बाकीचं बदललंय). वय बासष्ट, अर्धं आयुष्य खुरपणीत गेलेलं. त्यांच्याच तालुक्यातल्या भिगवणला १९९६ साली घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी झाली होती, तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास प्रौढांना असं दुखणं निघालं होतं. इतक्या घरांत दुखणं म्हटल्यावर घरटी एक उपाय असणारच. मावशींकडे पिशवीभर होते. ‘दाखवायला आणलंय, पोरगा फेकून द्यायला लागलाय,’ म्हणत त्यांनी ती टेबलावर रिकामी केली. फडक्यात निर्गुडीचा पाला, लसूण-ओवा घालून कढवलेल्या मोहरीच्या तेलाची बाटली, डब्यात मेथीचे लाडू. हातात तांब्याचं कडं होतंच.

मुलगा खुर्चीत मागे रेलून बसला. आता निकाल लागणार, असा चेहरा.

मी आधी पाल्याबद्दल विचारलं. कसा वापरता? पाला तव्यावर गरम करायचा, गुडघ्याला गुंडाळायचा, वर फडकं, रात्रभर. बरं वाटतं? ‘वाटतं की. झोप लागती.’ मुलाला म्हटलं, हे खोटं नाही. शेकानं आखडलेले स्नायू सैलावतात. शिवाय स्पर्श आणि चोळणं यांची जाणीव मज्जारज्जूपाशीच वेदनेच्या निरोपाची वाट थोडी अडवते, असं मेलझॅक आणि वॉल या दोघा संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं होतं. लहानपणी गुडघा आपटला की आपण आपोआप चोळायचो, ते यामुळेच. निर्गुडीनं सूज उतरते असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय, पण माणसांवरच्या चांगल्या चाचण्या फार थोड्या. म्हणजे गुण पाल्याचा किती आणि तव्याचा किती, हे कुणी नीट वेगळं काढलेलं नाही. मावशींना या हिशेबाशी देणंघेणं नव्हतं, आणि ते मला रास्तच वाटलं.

हळदीवर मात्र मुलाचा आणि माझा थोडा वाद झाला. ‘म्हणजे हळदीत काहीच नाही ना?’ आहे. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये छापून आली. हळदीचा अर्क दिवसाला १५०० मिलिग्रॅम, समोर आयबुप्रोफेन ही दुखणं थांबवणारी गोळी १२०० मिलिग्रॅम. चार आठवड्यांनी दुखणं कमी होण्यात अर्क मागे पडला नाही. पण तो अर्क होता. आपल्या डब्यातल्या हळदीत कर्क्युमिन, म्हणजे तिचा गुणाचा घटक, साधारण ३ टक्के असतं, आणि तेही आतड्यातून जेमतेम शोषलं जातं. दुधात अर्धा चमचा हळद म्हणजे पन्नासेक मिलिग्रॅमही नाही. हळदीचं दूध प्या, पण त्या चाचणीचं श्रेय त्याला देऊ नका. सालईच्या डिंकाचंही तसंच. नागपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवर त्याचा अर्क वापरून पाहिला, २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, पण एक्स-रे जसाच्या तसा. चाचणी छोटी होती, तरी ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्या मुलाला ती सांगावीशी वाटली.

तेलाची बाटली उचलून मावशी म्हणाल्या, ‘चिकुनगुन्यात अख्खं गाव वाकलं होतं, याच तेलानं उठलो आम्ही.’

‘ज्यांनी तेल लावलं नाही ते?’

त्या जरा थांबल्या, मग हसल्या. ‘तेबी उठले.’

चिकुनगुन्याचे सांधे बहुतेकांचे काही आठवड्यांत, काहींचे महिन्यांनी आपसूक सैल होतात. दुखणं ऐन भरात असताना आपण उपाय करतो आणि ते ओसरलं की श्रेय हाताशी असलेल्या बाटलीला मिळतं. गोळ्यांच्या बाबतीतही आपण हेच करतो, हे मुलालाही ऐकवलं.

कड्याचं काय करायचं? इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठानं आमवाताच्या (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या) सत्तर रुग्णांना तांब्याची कडी घालून पाहिली होती. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, खऱ्या आणि खोट्या उपायात फरक नाही. पण मावशींचं कडं मालकांनी पंढरपूरहून आणलेलं, आणि मालक जाऊन सहा वर्षं झालेली. मी ते काढायला सांगितलं नाही.

एवढं होईपर्यंत तासभर गेला. मुलगा फोनवर बोलायला बाहेर गेला आणि मावशींनी पदराच्या गाठीतून वर्तमानपत्राच्या कागदातली पुडी काढली. ‘हे त्याला दाखवलं न्हाई. खरा गुण हिचा हाय.’ आठवडे बाजारात एक जण विकायचा, दिवसाला एक पुडी, सात महिने चाललेलं. दुसऱ्याच दिवशी गुडघे मोकळे. गावात सगळे म्हणायचे, मावशींनी अंग धरलंय, चेहरा भरलाय.

तो भरलेला चेहरा बघून मला वेगळीच शंका आली. नाव नाही, घटक नाहीत, आणि दोन दिवसांत गुण. अशा पुड्यांमध्ये चेहरा फुगवणारं स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, हे आमच्याकडच्या डॉक्टरांकडून अनेकदा ऐकलेलं. मी विचारलं, मुलाला का सांगितलं नाही? ‘पाल्याला हसतो. ही बघितली असती तर जगू दिलं असतं का?’

मला सगळ्यात टोचलं ते हे. निरुपद्रवी पाल्याची घरात एवढी टिंगल झाली की घातक पुडी पदरात गेली. पाला सगळ्यांना दिसत होता, त्यावर भांडणं होत होती आणि पुडीबद्दल कुणाला पत्ताच नव्हता.

मी मावशींना एकच गोष्ट तीनदा सांगितली: ही आज एकदम बंद करायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. त्यांच्या परवानगीनं मुलाला आत बोलावलं आणि त्याच दिवशी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. साखर वाढलेली निघाली, सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, फार खाली. डॉक्टरांनी पुडीऐवजी मोजून स्टेरॉइडची गोळी दिली आणि काही महिन्यांत ती थोडी थोडी उतरवली. गुडघ्यांची झीज होती. आमवात नव्हता, हे नशीब. बोटांचे छोटे सांधे दोन्ही हातांचे सुजत असते, सकाळी तासभर आखडत असते, तर वाया गेलेले सात महिने फार महाग पडले असते.

मधले दिवस वाईट गेले. पुडी उतरली तसं दुखणं परत आलं, आणि मावशी मला फोनवर बोल लावायच्या. त्या काळात पालाच कामी आला. शेक घ्यायचा आणि गुडघा सैल आहे तोवर मांडीचे व्यायाम उरकायचे, असं फिजिओथेरपिस्टनं बसवून दिलं. साखर वाढलेली असल्यानं एक अट घातली: पाला आधी सुनेनं हाताला लावून बघायचा. पायांची जाणीव कमी झाली असेल तर चटका कळत नाही. वजन चार किलो उतरलं. एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा चारेक किलोचा भार कमी होतो, हा हिशेब मात्र मावशींना आवडला. त्यांनी तो गावभर सांगितला.

मुलगा आता बांधावरची निर्गुडी स्वतः तोडून आणतो. हसत नाही असं नाही, पण आणतो.

परवा मावशींचा फोन आला. शेजारची बाई त्याच माणसाकडून पुड्या घेते, वर्ष झालं. ‘तिला म्हटलं, बंद करू नको, पण उद्याच्या उद्या पुडी घेऊन डॉक्टरकडं जा. बरोबर सांगितलं ना?’