१९७५ ची एमजीबी वळणावर झुकते: कॉइलओव्हर किट घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत १९७५ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार घेतली आहे, काळ्या रबरी बंपरची. वळणावर फार झुकते, खड्ड्यात गेली की पुढून खडखड येते, आणि विक्रेता म्हणतोय की पुढच्या सस्पेन्शनचा सगळा सांगाडा काढून कॉइलओव्हर किट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेलं सस्पेन्शन) बसवा. बसवावं का?

नको. निदान आत्ता तरी नको. तुम्ही सांगताय ती लक्षणं दोन वेगळ्या कारणांची आहेत, आणि किट त्या दोन्हींवर एकदमच पांघरूण घालेल.

पहिलं कारण तुमच्या मॉडेल वर्षात आहे. अमेरिकेचे बंपरच्या आणि दिव्यांच्या उंचीचे नियम आले तेव्हा गाडीची कंपनी ब्रिटिश लेलँडने बॉडी नव्याने आखली नाही, गाडीच इंच-दीड इंच वर उचलली. वर १९७५ च्या मॉडेलमध्ये खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं अडवणारा दांडा) काढून टाकला. उंच झालेली गाडी आणि बार गायब, मग ती झुकणारच. १९७७ च्या मॉडेलपासून मागच्या बाजूलाही बार आला, यावरून काय ते समजा. आधीच्या मालकाने नंतर बार बसवला असेलही, म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा.

दुसरं कारण वय. पन्नास वर्षांच्या गाडीतले रबर बुश (सांध्यांतल्या रबरी नळ्या), किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खांब) आणि डँपर (स्प्रिंगची उसळी शमवणारे शॉक) मूळचे असोत की कधीतरी बदललेले, तपासल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. खडखड बहुधा इथली आहे.

सुरुवात टायरपासून करा. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. हौशी गाड्या वर्षाला जेमतेम हजारभर मैल चालतात, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र दगड झालेलं असतं. दहा वर्षांचे असतील तर विचार न करता बदला. १६५ किंवा १८५/७० आर १४ पुरे. त्याहून रुंद घेतलेत तर पॉवर स्टीअरिंग नसलेली ही गाडी पार्क करताना हात भरून येतील.

मग पुढची बाजू जॅकवर घ्या, खाली स्टँड लावल्याशिवाय हात घालू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे. राहिला तर किंगपिन किंवा ट्रनियन (किंगपिनला विशबोनशी जोडणारा सांधा) गेलंय. किंगपिनला प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) असतात आणि चाक हवेत असताना ग्रीस भरलं तरच ते नीट आत जातं. आजकालच्या गाड्यांना निपलच नसल्याने बऱ्याच गॅरेजांत हे काम कुणी करत नाही.

आता डँपर. इथे बरेच जण फसतात, म्हणून जरा लांबण लावतो. पुढचे लीव्हर आर्म डँपर, म्हणजे तेलाच्या पेटीतून बाहेर आलेल्या हाताचे जुन्या पद्धतीचे डँपर, हे नुसते डँपर नाहीत, त्यांचा हातच वरचा विशबोन (चाक धरून ठेवणारा व्ही आकाराचा हात) आहे. ही घडण १९४७ च्या एमजी वाय टाइप सेडानपासून चालत आलेली, तिच्या आखणीत अॅलेक इसिगोनिस होते, मिनी ही छोटी गाडी आखणारे. त्यामुळे स्वस्तातलं टेलिस्कोपिक (आजच्या गाड्यांसारख्या नळीच्या) शॉकचं किट बसवलंत तरी जुना लीव्हर आर्म बहुतेक किटांमध्ये तिथेच राहतो, फक्त जोडकाठी म्हणून. त्याच्या दांड्याचं बेअरिंग झिजलेलं असेल तर नवा शॉक लावूनही चाक डुगडुगणारच. म्हणजे दुरुस्त केलेले लीव्हर आर्म तुम्हाला तसेही लागणार आहेत. मग आधी तेच घ्या, बाकीचं नंतर बघू.

बॉनेटवर दाबून गाडी किती वेळा हिंदकळते हे मोजण्यात अर्थ नाही. मागच्या डँपरची जोडकाठी सोडवा आणि हात पूर्ण वर-खाली फिरवा. दोन्ही दिशांना, शेवटपर्यंत, सारखा जड लागला पाहिजे. मध्ये एखादी मोकळी जागा लागली तर आत हवा आहे किंवा तेल कमी आहे. तेल भरून पाहा. दांड्यापाशी गळत असेल तर भरण्यात अर्थ नाही. मागच्या बाजूला टेलिस्कोपिक बसवणं सोपं आहे, पण लीव्हर आर्म शाबूत असताना त्यातून फार काही मिळत नाही, असं माझं मत.

पुढच्या खालच्या विशबोनला एमजीबीच्याच जीटी व्ही८ मॉडेलचे बुश घाला. स्वस्त आणि मस्त, शिवाय स्टीअरिंगमध्ये लगेच फरक कळतो. एकच पथ्य: शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी असतानाच करायचं. हवेत लटकलेली असताना आवळलंत तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. कडक प्लॅस्टिकसारख्या पॉलियुरेथेनच्या बुशांचं वेड मी मर्यादेत ठेवतो. अँटी-रोल बारला ते उत्तम, मागच्या पाट्यांच्या (पानांच्या स्प्रिंगच्या) शॅकलला, म्हणजे मागच्या झुलत्या जोडाला चालेल, पण पाट्याच्या पुढच्या डोळ्यात मूळचं रबरच ठेवा. गाडी झुकते तेव्हा पाटा थोडा पिळला जायला हवा. कडक बुश त्याला पिळू देत नाही.

हे झाल्यावर पुढचा बार. माझ्या १९७१ च्या रोडस्टरला पाऊण इंची आहे, तेवढा साध्या रस्त्याला भरपूर. कडक स्प्रिंगपेक्षा बार मला आवडतो, कारण दोन्ही चाकं एकदम उसळली की तो मध्ये येत नाही, फक्त झुकणं अडवतो. हिवाळ्यानंतरच्या तुमच्याकडच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर याची किंमत कळेल. मागवण्याआधी चॅसिसच्या पट्ट्यांवर आणि स्प्रिंगच्या ताटलीवर त्याची भोकं आहेत का ते पाहा. नसतील तर बसवायचं सामान वेगळं घ्यावं लागेल. मागचा जाड बार मात्र टाळा. आतलं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरायला लागतं, आणि ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अचानक उचललात तर मागची बाजू बाहेर येते.

उंची कमी करायचा मोह होणारच, आणि तुमच्या गाडीच्या बाबतीत तो चुकीचाही नाही. पुढे आखूड स्प्रिंग, मागे एक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळे, ही रूढ पद्धत. पण एक इंचापेक्षा जास्त खाली आणू नका. एक्झॉस्ट आधीच जमिनीला टेकायला बघतो, आणि मागे एक्सल रबरी ठोकरीवर आदळायला लागला की सगळी मेहनत वाया. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या, तेही तुमच्या वजनाची माती किंवा मीठ सीटवर ठेवून.

कॉइलओव्हरचा सांगाडा ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी, किंवा मोठं इंजिन घातलेल्यांसाठी ठीक आहे. तुम्ही दोन्हीतलं काही म्हणाला नाहीत.

स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी सपाट जमिनीवर चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजा आणि इथे टाका. मागे डावं-उजवं जुळत नसेल तर बहुधा एखादा पाटा दबून गेलाय, आणि मग नवे पाटेच घ्यावे लागतील, ठोकळे नाहीत.