छेदातली करणी कोणी केली?

प्रश्न असा आलाय की १/√२ चा √२/२ करतात त्याला 'छेद तर्कसंगत करणे' म्हणावं की 'परिमेयकरण'. तर्कसंगत?? छेद काय वेड्यासारखा बडबडत होता का! हे ऐकून ऐकून कान किटलेत, रॅशनल दिसलं की डोळे मिटून तर्क चिकटवायचा. इथे परिमेय म्हणजे मोजता येण्याजोगं, 'मा' म्हणजे मोजणे त्यावरून, विषय संपला.

खरी गंमत पुढेच आहे. आपण छेदातून काय घालवतो? करणी, म्हणजे √२ सारखं पूर्ण न सुटणारं मूळ! (हो हो, लिंबू-टाचणीवाले जोक माहितीयेत, पुरे.) एक ठाम मत नेहमी ऐकायला मिळतं की चौरसाच्या कर्णावर √२ येतो म्हणून कर्णावरून करणी, आणि वर पुरावा काय तर करणीला इंग्रजीत सर्ड म्हणतात आणि त्याचा लॅटिनमध्ये अर्थ बहिरा, म्हणजे बघा कानाचाच संबंध. अहो तो बहिरेपणा अरबी 'असम्म' मधून लॅटिनमध्ये गेला, त्याचा आपल्या करणीशी काडीचा संबंध नाही. बौधायन शुल्बसूत्र (यज्ञवेदी दोरीने आखायच्या नियमांचा प्राचीन संस्कृत ग्रंथ) उघडून बघा, चौरसाची तिरपी दोरी दुप्पट भूमी करते, म्हणजे तिच्यावरचा चौरस दुप्पट क्षेत्रफळाचा होतो, असं सांगितलंय, तिथे तिरप्यासाठी शब्द 'अक्ष्णया' आहे, कर्ण नाही, आणि क्रियापद आहे 'करोति'. करते ती करणी! दुप्पट करणारी द्विकरणी म्हणजे √२, तिप्पट करणारी त्रिकरणी म्हणजे √३. आता ती करणीच का, करण का नाही, तर माझं म्हणणं असं की संस्कृतात रज्जु स्त्रीलिंगी म्हणून. कोणाला पटो न पटो, मला हे पक्कं वाटतं. म्हणजे वर्गमूळ हा आकडा व्हायच्या आधी एक दोरी होती, जमिनीवर ताणलेली.

आणि छेदातली करणी घालवायची ही कृती इंग्रजी पुस्तकांतून आली म्हणणाऱ्यांसाठी, आपल्या गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये सांगून ठेवलंय की भाजकातल्या एका करणीचं चिन्ह बदलून त्याने भाज्य-भाजक दोन्ही गुणा. १/(√५ − √३) ला वर-खाली (√५ + √३) ने गुणलं की छेदात ५ − ३ म्हणजे नुसते २ उरतात, तेच ते.

अरे हो, मूळ प्रश्न. परिमेयकरण नाही, परिमेयीकरण, मधे दीर्घ ई. जे आधी तसं नव्हतं ते तसं करायचं तेव्हा ही ई येते, सुलभीकरण, सपाटीकरण, तसंच. आणि त्यातलं 'करण' पण त्याच कृ धातूचं बरं का, करणी घालवणाऱ्या शब्दाच्या शेपटीला करणीचीच बहीण.