वाचकांचे प्रश्न : ऐंशी चालींची वही आणि शुक्रवारचा सामना

प्रश्न : मी ओहायो राज्यात राहतो. माझा मुलगा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात गार्डच्या, म्हणजे पुढच्या फळीत अडवणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळतो आणि त्याच संघाला मी स्वयंसेवक म्हणून मदत करतो. पुढच्या शुक्रवारच्या सामन्यासाठी आक्रमणाच्या आराखड्याचा पहिला मसुदा तयार करण्याचे काम मुख्य प्रशिक्षकांनी माझ्यावर सोपवले आहे. समोरचा संघ धावता खेळ रोखण्यासाठी सर्रास आठ गडी पुढे आणतो. आमची लाइन (पुढची अडवणारी फळी) वजनाने हलकी आहे, क्वार्टरबॅक (चाल चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू) दहावीत आहे आणि सुरुवातीपासून खेळण्याचा हा त्याचा पहिलाच हंगाम आहे. आमच्या वहीत ऐंशी चाली आहेत. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपण ऐंशी हा आकडा लिहिलात आणि माझ्या मते आपल्या अडचणीचे मूळ त्या आकड्यातच आहे. शाळकरी वयाच्या अकरा मुलांनी एका संध्याकाळी बिनचूक कराव्यात अशा चाली पंचवीसच्या वर जाऊ नयेत. त्यातही पळण्याच्या पाच-सहा आणि पासच्या सात-आठ मूळ चाली असाव्यात आणि उरलेल्या म्हणजे याच चालींची वेगळ्या रचनेतून दिसणारी रूपे असावीत. यातल्या कोणत्या ठेवायच्या हे वही चाळून ठरणार नाही, त्यासाठी समोरच्या संघाच्या मागच्या तीन-चार सामन्यांचे चित्रीकरण हातात कागद घेऊन पाहावे लागेल.

त्या कागदावर प्रत्येक स्नॅपची, म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणाऱ्या प्रत्येक चालीची, एक ओळ लिहा. कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी) होता, किती यार्ड हवे होते, चेंडू मैदानात कुठे आणि कोणत्या हॅशवर (मैदानावर लांबीने आखलेल्या खुणांच्या दोन ओळींपैकी कोणत्या ओळीवर) होता, पुढे किती गडी उभे होते, मागे सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) एक होता की दोन, किती जण क्वार्टरबॅकवर धावून गेले आणि शेवटी काय झाले, एवढे टिपले तरी पुरे. दीडशे ओळी झाल्या की सवयी दिसू लागतात. समजा, पहिल्या डाउनला ते जवळजवळ नेहमी आठ जण पुढे आणतात, पण तिसऱ्या डाउनला सातहून अधिक यार्ड हवे असले की सहावर येतात. मग ‘ते आठ गडी पुढे आणतात’ हे आपले वाक्य अपुरे ठरते. ते केव्हा आणतात आणि कोणती रचना पाहिल्यावर आणत नाहीत, हे कळले की आराखड्याचा अर्धा भाग आपोआप सुटतो.

हॅशची नोंद नवखे लोक हमखास गाळतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. व्यावसायिक एनएफएलमध्ये दोन हॅशमधले अंतर केवळ १८ फूट ६ इंच असते. तिथे चेंडू नेहमीच मैदानाच्या मध्याजवळ असतो. हायस्कूलच्या मैदानावर मात्र हे अंतर ५३ फूट ४ इंच असते, म्हणजे १६० फूट रुंदीचे सरळ तीन समान भाग पडतात. चेंडू डाव्या हॅशवर असेल तर उजवीकडे डावीच्या दुप्पट जागा उरते. बचाव करणारे संघ स्वाभाविकपणे त्या रुंद बाजूकडे झुकतात आणि अरुंद बाजूला अनेकदा एखादा गडी कमी ठेवतात. दुसरे असे, की डाव्या हॅशवरून उजव्या कडेच्या रेषेपाशी पास टाकायचा तर चेंडूला आडवेच तीस यार्डांहून अधिक जावे लागते. दूरचित्रवाणीवर सहज दिसणारा तो पास दहावीतल्या मुलाच्या हातून निघाला की हवेत तरंगतो आणि कॉर्नरला (कडेच्या बचावपटूला) झेप घेण्याइतका वेळ मिळतो. आपल्या वहीतून अशा चाली पहिल्यांदा वगळा.

आता आठ गड्यांविषयी. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या) हाती दिला की तो स्वतः बघ्या बनतो. एक जण चेंडू घेऊन पळतो, म्हणजे अडवायला नऊ जण उरतात आणि समोर अकरा असतात. पुढे आठ गडी आले की आपली हलकी लाइन वजनाच्या झटापटीत हरणारच. यावर माझे तीन उपाय आहेत.

पहिला म्हणजे तीन रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) दूर पसरवून उभे करणे. तरीही आठ जण आतच राहिले तर बाहेर तिघांसमोर तिघेच असतात आणि मागे मदतीला कोणी नसते. अशा वेळी क्वार्टरबॅकने फक्त तीन पावले मागे जाऊन लगेच पास सोडायचा. हिच (थोडे पळून थांबणे), स्लँट (तिरके आत पळणे) आणि बबल स्क्रीन (कडेला लगेच आखूड पास) या तीन चाली नव्या मुलाला झेपतात आणि लाइनला फार वेळ तग धरावा लागत नाही.

दुसरा उपाय झोन रीडचा. बचावाच्या टोकाच्या एका खेळाडूला मुद्दाम कोणीही अडवायचे नाही आणि क्वार्टरबॅकने त्याच्यावर डोळा ठेवायचा. तो रनिंग बॅकच्या मागे आत वळला तर क्वार्टरबॅकने चेंडू स्वतःकडे ठेवून बाहेरून पळायचे आणि तो जागेवरच थांबला तर चेंडू देऊन टाकायचा. न अडवता एक गडी बाद होतो आणि नऊविरुद्ध अकराचा हिशेब एकाने सुधारतो.

तिसरा उपाय हलक्या लाइनसाठी मला सर्वांत प्रिय आहे. मुलांना समोरासमोर ढकलायला न सांगता कोनातून अडवायला शिकवावे. ट्रॅप या चालीत समोरच्या दणकट गड्याला आत येऊ द्यायचे आणि पलीकडच्या बाजूने धावत आलेल्या गार्डने त्याला बाजूने गाठायचे. त्याला धक्का दिसतच नाही, त्यामुळे अंगावरचा तीस-चाळीस पौंडांचा फरक निम्म्याने कमी झाल्यासारखा वाटतो. आपला मुलगा गार्ड आहे, तेव्हा ही चाल त्याला घरीही समजावून सांगता येईल.

या तिन्हींपैकी ज्या धावत्या चाली ठेवाल त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या एक-दोन प्ले-अ‍ॅक्शन (धाव भासवून पास टाकण्याच्या) चाली जरूर ठेवा. आठ जण पुढे येणाऱ्या संघाचा सेफ्टी चेंडू दिल्याचा आभास होताच दोन पावले पुढे टाकतो आणि त्या दोन पावलांतच त्याच्या मागे पोस्ट मार्गाने (गोलखांबांच्या दिशेने तिरका) पळणारा रिसीव्हर मोकळा होतो. ही चाल दुसऱ्या डाउनला, दोन-तीन यार्डच हवे असताना काढावी. पास हुकला तरी तिसरा डाउन आवाक्यात राहतो.

याच कागदाने आपल्या स्वतःच्या संघाचीही तपासणी करा, कारण समोरचे प्रशिक्षकही या आठवड्यात तेच करत असतील. आपल्या मुलाची बसण्याची ढब चित्रीकरणात जवळून पाहा. धावत्या चालीपूर्वी तरुण गार्ड पुढे झुकतात, जमिनीला टेकलेल्या बोटांवर भार येतो आणि पेरे पांढरी पडतात. पासच्या वेळी तोच मुलगा टाचांवर बसतो आणि बोटे गवताला जेमतेम स्पर्श करतात. चांगल्या लाइनबॅकरला (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला) यापेक्षा अधिक काही सांगावे लागत नाही.

एक माझा अनुभवही सांगतो. सहायक प्रशिक्षक म्हणून माझ्या दुसऱ्या हंगामात आम्ही क्वार्टरबॅकच्या मनगटावरच्या पट्टीत नव्वद चालींचे कार्ड घातले होते. तेव्हा हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ वापरता येत नसे, त्यामुळे बाहेरून क्रमांकाची खूण करायची आणि त्याने कार्डावर चाल शोधायची, अशी पद्धत होती. अक्षरे तांदळाएवढी होती. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाऊस आला, प्लास्टिकच्या आत पाणी शिरले, शाई पसरली आणि मुलगा मनगट डोळ्यांजवळ नेऊन ५३ आहे की ५८ ते पाहत राहिला. त्या अर्ध्यात चाल सुरू करायला झालेल्या विलंबाबद्दल आम्हाला तीन वेळा पाच-पाच यार्डांचा दंड झाला. त्याचा गोंधळलेला चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कारण दोष त्याचा मुळीच नव्हता. तेव्हापासून सरावात त्या आठवड्याच्या बचावरचनेसमोर किमान दहा वेळा न केलेली चाल मी कार्डावर येऊ देत नाही. मंगळवारी आणि बुधवारी राखीव मुलांना समोरच्या संघासारखे उभे करून हा सराव घ्या. गुरुवारी नवीन काहीही शिकवू नका.

प्रश्न : मी न्यू जर्सीत शिकते आणि एनएफएलचे सामने आवडीने पाहते. पहिल्या काही चाली आधीच लिहून ठेवण्याची पद्धत असते, असे ऐकले आहे. समोरचा संघ काय करील हे माहीत नसताना चाली आधी कशा ठरवता येतात?

उत्तर : ही पद्धत सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्यामुळे सर्वतोमुखी झाली. सिनसिनाटी बेंगल्स संघात पॉल ब्राउन यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी सामन्याच्या सुरुवातीच्या मोजक्या चाली लिहून ठेवायला आरंभ केला आणि सॅन फ्रान्सिस्कोत ही यादी पंचवीसपर्यंत वाढवली. त्यांच्या कारकिर्दीत त्या संघाने तीन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले.

आपल्या शंकेचे उत्तर या यादीच्या हेतूत आहे. समोरचा संघ काय करील हे माहीत नसते म्हणूनच ती लिहितात. पहिल्या दहा-पंधरा चालींत वेगवेगळ्या रचना दाखवायच्या, एकदा टाइट एंडला (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणाऱ्या आणि पासही झेलणाऱ्या खेळाडूला) एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालवत न्यायचे आणि बचाव त्याला कसा प्रतिसाद देतो हे वरच्या कक्षात बसलेल्या सहायकाने टिपायचे. एखादा लाइनबॅकर त्याच्यामागे मैदान ओलांडून धावत गेला तर बचाव माणसाला माणूस लावून खेळतो आहे, हे बहुधा कळते. सगळे जागच्या जागी थोडेसे सरकले तर ते आपापले क्षेत्र राखत आहेत. ही माहिती दुसऱ्या क्वार्टरमध्ये कामी येते. शिवाय खेळाडूंना आदल्या रात्रीच सुरुवातीच्या चाली ठाऊक असल्यामुळे त्यांचे मन स्थिर राहते. तिसऱ्या डाउनला एकच यार्ड हवा असेल किंवा चेंडू गोलरेषेजवळ पोहोचला असेल तर यादी बाजूला ठेवून त्या प्रसंगाची वेगळी चाल काढतात आणि मग पुन्हा यादीकडे वळतात.

प्रश्न : २०१७ च्या सुपर बोलमध्ये अटलांटाचा संघ २८-३ असा पुढे असूनही हरला. आघाडी असताना आक्रमणाचा आराखडा कसा बदलावा?

उत्तर : न्यू इंग्लंडविरुद्धच्या ५ फेब्रुवारी २०१७ च्या त्या सामन्यातले अटलांटाचे एकच आक्रमण पाहू. २८-२० अशी आघाडी असताना, पाच मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला असताना ज्युलिओ जोन्स यांनी कडेच्या रेषेवर एक अप्रतिम झेल घेतला आणि चेंडू न्यू इंग्लंडच्या २२ यार्डांच्या रेषेवर आला. तिथून फील्ड गोल (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारून मिळणारे तीन गुण) सुमारे ४० यार्डांचा होता. तो साधला असता तर ११ गुणांची आघाडी झाली असती आणि न्यू इंग्लंडला दोनदा गुण मिळवावे लागले असते. पहिल्या डाउनला धाव घेतली, ती एक यार्ड मागे गेली. दुसऱ्या डाउनला पास टाकण्याचा बेत केला, क्वार्टरबॅक मॅट रायन १२ यार्ड मागे पाडले गेले. पुढच्या चालीत लाइनमनने हाताने धरल्याबद्दल आणखी १० यार्डांचा दंड झाला आणि फील्ड गोलचे अंतर हाताबाहेर गेल्याने चेंडू पंट करून, म्हणजे लाथेने दूर मारून, समोरच्या संघाला द्यावा लागला. न्यू इंग्लंडने ९१ यार्डांचे आक्रमण करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत ३४-२८ असा सामना जिंकला.

पास टाकण्याची वृत्ती त्या संघाला तिथवर घेऊन आली होती, म्हणून मी तिला सरसकट दोष देणार नाही. त्या जागी मात्र दोनदा सरळ आत धावून, मैदानाच्या आतच पडून, घड्याळ चालू ठेवणे किंवा न्यू इंग्लंडला टाइमआउट खर्च करायला लावणे अधिक मोलाचे होते. आराखड्यातच एक वेगळा रकाना असावा : कोणत्या रेषेपर्यंत पोहोचलो की आपला किकर भरवशाचा आहे आणि त्या रेषेच्या आत आल्यावर, समोरच्या संघाला एकदाच गुण मिळवून भरून काढता येईल एवढीच आघाडी असताना, कोणत्या चालींना मनाई आहे. हे शांतपणे बुधवारी लिहावे लागते, सामन्याच्या गोंगाटात ते सुचत नाही.

प्रश्न : फसवी चाल आराखड्यात ठेवावी का?

उत्तर : एक ठेवावी आणि तिचा सराव इतर चालींइतकाच करावा. ४ फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाने चौथ्या डाउनला, गोलरेषा एका यार्डावर असताना, फील्ड गोल न घेता अशीच चाल खेळली. स्नॅप थेट रनिंग बॅक कोरी क्लेमंट यांच्याकडे गेला, त्यांनी चेंडू टाइट एंड ट्रे बर्टन यांना दिला आणि बर्टन यांनी मोकळ्या कोपऱ्यात पोहोचलेल्या क्वार्टरबॅक निक फोल्स यांच्याकडे पास टाकला. चाल नवी वाटली तरी संघाने ती सरावात घोटलेली होती आणि टाइमआउटमध्ये ती फोल्स यांनीच सुचवली.

आपल्या पातळीवर एक खबरदारी मात्र घ्या. सामन्यापूर्वी पंचांना भेटून, आज अमुक प्रकारची चाल येऊ शकते, असे विश्वासाने सांगून ठेवा. तसे केले नाही तर चेंडू कोणाकडे आहे याचा त्यांचाही गोंधळ होऊन वेळेआधीच शिटी वाजते आणि मोकळा पळणारा मुलगा अर्ध्या वाटेतून परत बोलावला जातो.