वाचकांचे प्रश्न : आउटफिल्डर प्रशिक्षक म्हणून कसा घडतो?

प्रश्न : मी अलीकडे अमेरिकेतील बेसबॉलचे सामने पाहू लागलो आहे. पहिल्या बेसजवळ उभ्या असणाऱ्या प्रशिक्षकाचे नेमके काम काय? आणि फलंदाज म्हणून फारसे न गाजलेले आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातील क्षेत्ररक्षक) डेव्ह रॉबर्ट्स लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचे मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) कसे झाले?

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे पहिल्यातच दडलेले आहे. १९७२ साली जपानमधील ओकिनावा येथे जन्मलेल्या रॉबर्ट्स यांना १९९४ मध्ये डेट्रॉइट टायगर्स संघाने नवोदितांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्ट) थेट अठ्ठाविसाव्या फेरीत निवडले. इतक्या उशिरा निवडलेल्या खेळाडूकडून संघाची फारशी अपेक्षा नसते. १९९९ ते २००८ या दहा हंगामांत त्यांनी अवघे २३ होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले. मात्र बेस चोरले २४३.

बेस चोरणे म्हणजे फटक्याची वाट न पाहता, पिचर (चेंडू टाकणारा) चेंडू टाकत असतानाच पुढच्या बेसकडे धाव घेणे; हे केवळ वेगाचे काम नव्हे. धाव पूर्ण करायला चार बेस क्रमाने गाठावे लागतात. दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरकडे (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याकडे) पोहोचायला साधारण १.३ सेकंद, आणि कॅचरकडून दुसऱ्या बेसवर यायला सुमारे दोन सेकंद लागतात. धावणाऱ्यालाही जवळपास तेवढाच वेळ लागत असल्यामुळे पिचरची कोणती टाच आधी हलते, हे ज्याला अचूक ओळखता येते तोच वाचतो. पहिल्या बेसवरचा प्रशिक्षक हातातील स्टॉपवॉचने पिचरचा हा वेळ मोजतो आणि धावणाऱ्याला तो सांगून सावध करतो. अनेक संघांत आउटफिल्डर्सनी कुठे उभे राहायचे हे ठरवण्याचे कामही त्याच्याकडेच असते, त्यामुळे माजी आउटफिल्डरला ही जागा मानवते.

१९६२ च्या हंगामात १०४ बेस चोरणाऱ्या मॉरी विल्स यांच्याकडून रॉबर्ट्स यांनी डॉजर्सकडून खेळताना हे शास्त्र शिकून घेतले. १७ ऑक्टोबर २००४ रोजी ते कामी आले. तेव्हा ते बोस्टन रेड सॉक्सकडून खेळत होते. वर्ल्ड सिरीजच्या (अमेरिकी बेसबॉलची अंतिम विजेतेपदाची मालिका) आधीच्या, चार विजयांनी जिंकायच्या न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या मालिकेत बोस्टन ०-३ असे मागे होते आणि चौथ्या सामन्याच्या नवव्या म्हणजे अखेरच्या नियमित इनिंगमध्येही (डावात) एका धावेने पिछाडीवर होते. पहिल्या बेसवर पोहोचलेल्या केव्हिन मिलर यांच्या जागी धावायला आलेले रॉबर्ट्स बेस चोरणार, हे मैदानातील प्रत्येकाला ठाऊक होते. पिचर मारियानो रिवेरा यांनी तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्यांना रोखून पाहिले. तरीही फलंदाजाला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर ते दुसऱ्या बेसवर पोहोचले आणि बिल म्युलर यांच्या फटक्यावर त्यांनी बरोबरीची धाव पूर्ण केली. बोस्टनने तो सामना, ती मालिका आणि १९१८ नंतरची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. गंमत म्हणजे त्या वर्ल्ड सिरीजमध्ये रॉबर्ट्स एकदाही मैदानात उतरले नाहीत!

निवृत्तीनंतर, २०१० मध्ये झालेल्या कर्करोगाच्या निदानाला तोंड देऊन ते २०११ पासून सॅन डिएगो पाद्रेसचे पहिल्या बेसचे प्रशिक्षक झाले, मग बेंच कोच (मॅनेजरचे साहाय्यक), आणि २०१६ च्या हंगामापासून डॉजर्सचे मॅनेजर.

मात्र धावण्यातील जाण मॅनेजरला फार पुढे नेत नाही, असे माझे मत आहे. मॅनेजरची खरी कसोटी पिचर कधी बदलायचा यात असते, आणि नेमक्या याच निर्णयांवरून रॉबर्ट्स यांच्यावर वर्षानुवर्षे टीका झाली. २०१७ ची वर्ल्ड सिरीज ते ह्यूस्टनविरुद्ध हरले, तर २०१८ ची खुद्द बोस्टनविरुद्ध. पुढे २०२०, २०२४ आणि २०२५ मध्ये त्यांच्या हाताखाली डॉजर्सने विजेतेपद मिळवले. तरी पिचर बदलण्यावरचा वाद काही थांबलेला नाही.